शेपटाकडून

पंगतीत वाढायला सुरुवात कुठून करायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पहिल्या पानापासून. माझी आई तसंच करायची, मीही तसंच करत आले. पण कोचरेकर सर आमच्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला आले आणि पहिल्याच सव्वीस जानेवारीच्या जेवणाला त्यांनी माझ्या हातातली आमटीची बादली घेतली, सगळी पंगत ओलांडली आणि थेट शेवटच्या पानाशी जाऊन वाढायला लागले. पहिल्या पानावर बी बिल्डिंगचे चेअरमन द्रोण पुढे करून बसले होते. ते तसेच बसून राहिले.

"सर, अहो उलटं चाललंय तुमचं!" मी ओरडले. माझं तोंड फटकळ आहे, हे सगळ्या कॉम्प्लेक्सला ठाऊक आहे.

"उलटं नाही शैलाताई, शेपटाकडून चाललंय," सर वाकल्या वाकल्या म्हणाले. "डोक्याला काय, कधीही मिळतं."

झालं. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं शेपूट सर. त्यांना ते माहीत होतं. एकदा मीच त्यांच्यासमोर बोलून गेले आणि जीभ चावली, तर म्हणाले, "चांगलं आहे की. मुंडकं सर म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं."

आमचं कॉम्प्लेक्स अंबरनाथ पूर्वेला, मोरिवलीच्या बाजूला. एमआयडीसीचा वास वारा असेल तसा येतो. पाच बिल्डिंगा, ए पासून ई पर्यंत. ए आणि बी रस्त्याला लागून, खाली दुकानं, ए च्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर, बी च्या भिंतीवर जाहिरातीचा बोर्ड. त्यांचं भाडं दर महिन्याला येतं. मग आमची सी आणि शेजारी डी, ना धड गरीब ना धड श्रीमंत. आणि सगळ्यांत मागे, नाल्याच्या काठाला, ई. बिल्डरने भराव टाकून ती शेवटी उभी केली आणि तेव्हा त्याचे पैसे संपत आले होते, हे तिच्याकडे बघूनच कळायचं. प्रत्येक बिल्डिंगची सोसायटी वेगळी, आणि पाचांचं मिळून एक फेडरेशन. पाणी, गेट, वॉचमन, रस्त्यावरचे दिवे हे सगळं फेडरेशनकडे. सर ए मध्ये राहायचे, टॉवरच्या बरोबर खाली. पण फेडरेशनचं अध्यक्षपद कुणालाच नको होतं, ते त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनीही मान पुढे केली.

सर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. उल्हासनगरला कॅम्प चारच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा पुण्याला. उंच, किडकिडीत, पांढरा हाफ शर्ट बाहेर सोडलेला आणि पायात कायम रबरी चपला. लग्नालासुद्धा त्याच. मी सी च्या तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र चालवते, त्यामुळे त्यांचा डबा माझ्याकडे होता. डबा न्यायला आले की विचारायचे, "आज शेवटी काय उरलंय?" मी ताजी भाजी दाखवली तरी "जे उरलंय ते द्या, ताजी गिऱ्हाईकाला" म्हणायचे. मी म्हणायचे, "तुम्ही गिऱ्हाईक नाही तर काय जावई आहात?" पण ऐकतील तर शपथ.

कॉलेजातही त्यांची हीच तऱ्हा होती, हे मला अर्जनदासकडून कळलं. हा ए मधला रेडीमेड कपड्यांचा दुकानदार, सिंधी, सरांचा जुना विद्यार्थी आणि ए सोसायटीचा सेक्रेटरी. तो सांगायचा, "भाभी, सर हजेरी उलटी घ्यायचे. शेवटच्या रोल नंबरपासून. बोलते थे, 'पीछे वाले रोज इंतजार करते हैं, आज आगे वाले करेंगे.' माझा नंबर बरोबर मधे. इधर से आओ या उधर से, आपला नंबर लेटच!" आणि स्वतःच खो-खो हसायचा. सरांवर त्याचा जीव होता, हे खोटं नाही. दिवाळीला पहिला बॉक्स सरांकडे जायचा, आणि सर तो ई मध्ये नेऊन वाटायचे.

ई मध्ये बायजाबाई होती. दारोदार फिरून भाजी विकायची. तिचं माहेर बारवी धरणाकडचं. धरणाची उंची वाढली तेव्हा त्यांची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. तिच्या वाट्याला आले त्या पैशातून तिने ई मध्ये खोली घेतली, कारण स्वस्त होती. आता गंमत बघा. उन्हाळ्यात पाणी कमी आलं की टँकर मागवायचा, आणि टँकर रस्त्यावरून आत आला की ए, बी करत करत ई पर्यंत पोचेपर्यंत त्यात खडखडाट. सरांनी अध्यक्ष झाल्या झाल्या टँकरला सांगितलं, आधी थेट मागे जायचं, मग पुढे यायचं. त्या अरुंद बोळातून टँकर रिव्हर्स घालताना ड्रायव्हर सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. सर रबरी चपला फटफटवत पुढे चालायचे, हात हलवत, "आने दो, आने दो."

पहिल्यांदा टँकर तिच्या दारात आधी आला त्या दिवशी बायजाबाई कळशी धरून नुसती उभीच राहिली.

"भरा की," सर म्हणाले.

"भरतंय सर. आमची शेतां पान्याखाली गेली, तवापासून पानी माज्याकडं पयल्यांदाच चालत आलंय, त्या बघतंय."

सर हसले नाहीत. तिची कळशी स्वतः नळीखाली धरली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी ई बिल्डिंग मनावर घेतली.

आणि मनावर घेण्यासारखं होतंच. ई च्या तळाच्या खांबांना भेगा पडल्या होत्या. आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या, बोट लावलं की लाल चुरा हातात यायचा. इंजिनियर येऊन गेला आणि म्हणाला, आता दुरुस्ती केली तर बिल्डिंग वाचेल, दोन पावसाळे थांबलात तर पाडावी लागेल. ई कडे पैसे नव्हते. निम्म्या लोकांचा मेंटेनन्सच थकलेला. ए आणि बी कडे टॉवरचं आणि बोर्डाचं भाडं साचलेलं.

सरांनी फेडरेशनची मीटिंग बोलावली. पार्किंगमध्ये खुर्च्या, माझा चहा. सर उभे राहिले आणि वर्गात शिकवावं तसं सुरू केलं.

"मुंबईत जमलेला कर दिल्लीला जातो. दिल्ली त्यातला वाटा राज्यांना देते. गरीब राज्याला जास्त, श्रीमंत राज्याला कमी. म्हणजे आपण भरतो जास्त आणि आपल्याला परत येतं कमी. बरोबर की चूक?"

"चूक!" सगळे एकदम ओरडले. ए वाले, ई वाले, सगळे. अन्यायाची गोष्ट निघाली की आपल्याकडे फार एकी होते.

"बरं. मुंबई-पुण्याचा पैसा गडचिरोलीच्या दवाखान्याला जातो. बरोबर की चूक?"

"बरोबर," लोक म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. गडचिरोली आपलीच ना.

"आता सांगा. ए च्या टॉवरचं भाडं ई च्या खांबाला. बरोबर की चूक?"

लोक आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. तेवढ्यात मागून आमचा वॉचमन, बिहारचा, भाबडेपणाने म्हणाला, "साहब, वो पहले वाला पैसा, जो बिहार को जाता है, हमारे गांव तक तो आया नहीं." सगळे हसले आणि ताण गेला. सरही हसले, पण मग म्हणाले, "हेच तर म्हणतोय मी. वरून सोडलेलं शेपटापर्यंत पोचत नाही. म्हणून शेपटाकडून सुरू करायचं."

मग त्यांनी मुद्दा मांडला आणि तो मला आजही पटतो. टॉवर ए च्या गच्चीवर का आला? ए वाल्यांनी काही पराक्रम केला म्हणून? नाही, ए रस्त्याला आहे म्हणून. आणि ई च्या खांबांना ओल का लागली? ई वाल्यांनी पाप केलं म्हणून? नाही, नाला तिच्या पायाशी आहे म्हणून. पाचही बिल्डिंगा एकाच सातबाऱ्यावर उभ्या आहेत. जागा वाटून आली ती नशिबाने, मग त्या जागेचं उत्पन्न सगळ्यांत का वाटू नये?

अर्जनदास उठला. "सर, देंगे. आप बोल रहे हो तो देंगे. लेकिन नियम बनाओ. किसको कितना, क्यों. नाहीतर उद्या जो रडेल त्याला मिळेल."

आणि इथेच माझ्या मते घोटाळा झाला. नियम म्हटल्यावर सरांच्या डोळ्यांत जी चमक आली! इतकी वर्षं वर्गात शिकवलेलं आता खरोखर करायला मिळणार होतं. त्यांनी ठरवलं, सामायिक निधी करायचा, आणि प्रत्येक बिल्डिंगने आपली अवस्था आपणच सांगायची. जी जास्त अशक्त तिला जास्त. अहो, सांगून टाकायचं ना सरळ, ई चे खांब आधी, बाकीचं मग! मी डबा देताना म्हटलंही. तर म्हणाले, "शैलाताई, आज मी माझ्या मनाने ई ला दिलं, तर उद्या दुसरा अध्यक्ष त्याच्या मनाने ए ला देईल. न्याय माणसावर अवलंबून ठेवायचा नसतो."

मग सुरू झाली गरिबीची शर्यत. दर दिवाळीला रंग काढणाऱ्या बी ने त्या वर्षी रंग काढला नाही. ए च्या लॉबीत गळतीखाली प्लास्टिकची बादली आली, आणि आठवडे गेले तरी ती कुणी हलवेना. आमच्या सी ने लिफ्ट बंद पडलेली दुरुस्तच केली नाही, आमचे म्हातारे जिने चढत बसले. डी वाल्यांनी तर कमालच केली, चांगल्या पाइपला गोणपाट गुंडाळून ठेवलं! सर बिल्डिंगमागून बिल्डिंग बघत फिरायचे, प्रत्येकाचं रडगाणं मान हलवत ऐकायचे. बायजाबाई त्यांना म्हणाली, "सर, आमाला रडता येत नाय या लोकांगत. आमचा खांब तुमीच बघा." ई वाल्यांनी उलट खांबांना वरून सिमेंट लिंपून घेतलं होतं, भेग दिसायला नको म्हणून. पाहुणे यायचे होते कुणाच्या तरी मुलीला बघायला.

त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला पंगतीतही हेच. सर शेपटाकडून वाढतात हे आता सगळ्यांना कळलेलं. म्हणून ए आणि बी ची मंडळी आधीच येऊन शेवटच्या पानांवर बसली. अर्जनदास अगदी टोकाला, मांडी ठोकून. ई वाले आले तर त्यांना पहिली पानं उरली, ते बिचारे संकोचून बसले. सगळे माझ्याकडे आणि सरांकडे बघायला लागले. सरांनी बादली उचलली, सगळी पंगत एकदा नीट न्याहाळली, आणि पहिल्या पानावर बायजाबाईच्या द्रोणात आमटी वाढली.

"सर, ये चीटिंग है!" अर्जनदास टोकावरून ओरडला. "शेपूट इकडे आहे!"

"शेपूट इकडे आलं," सर म्हणाले. "मी बघितलं येताना."

काय हसलो होतो आम्ही सगळे. अर्जनदासच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. आता आठवलं की वाटतं, एका अंगणात बसून सगळे हसलेले ते शेवटचंच.

कारण नियम ठरायच्या आतच एक पावसाळा होऊन गेला होता. दुसरा आला. सरांनी अखेर वाटणी मांडली, त्यात ई ला सगळ्यांत मोठा वाटा होता. आणि बी चे चेअरमन वकील घेऊन आले. ए आणि बी ला फेडरेशनमधून बाहेर पडायचं होतं. आमचा टॉवर, आमचा बोर्ड, आमचं गेट, आमचं पाणी. कायद्यात बसतं की नाही यावर वकील बोलत राहिले. पण मनातून माणसं बाहेर पडली होती, मग कायद्यात बसो न बसो.

ए च्या सभेत सरांना उभं करून विचारलं, "सर, तुम्ही कुणाचे? ए चे की ई चे?"

"फेडरेशनचा."

"फेडरेशनमध्ये कुणी राहत नाही, सर."

हे बोलणारा अर्जनदास होता. मला हे त्यानेच सांगितलं, दुकानाच्या पायरीवर बसून, मान खाली घालून. "भाभी, मुंह से निकल गया. पण खोटं काय होतं त्यात? सर पढ़ाते थे तब भी समझ में आता था. समझना अलग, देना अलग." मी त्याला चार शब्द सुनावले. त्याने ऐकून घेतले आणि शेवटी एवढंच म्हणाला, "आपण सगळेच असे आहोत. तुमच्या सी ने लिफ्ट का बंद ठेवली होती?"

भिंत उभी राहिली. ए आणि बी एका बाजूला, आम्ही तिघं दुसऱ्या बाजूला. अध्यक्षच पलीकडे, आणि फेडरेशन अलीकडे. आता सरांना माझ्याकडे डबा न्यायला यायचं तर पुढच्या गेटमधून रस्त्यावर, चहाच्या टपरीवरून वळून, नाल्याच्या बाजूने मागच्या गेटात. ते रोज यायचे. मी म्हटलं, "माझी बाई आणून देईल डबा." तर म्हणाले, "नको, तेवढंच ई वरून जाणं होतं." मागच्या गेटातून आत शिरलं की पहिली बिल्डिंग ई लागायची. ते तिथे थांबायचे, खांबाला हात लावायचे, हात पुसून पुढे यायचे. तिघांच्या निधीत दुरुस्ती बसत नव्हती. त्यांनी स्वतःच्या फंडातले पैसे घालतो म्हटलं, पण एका मास्तराच्या पुंजीत एवढी बिल्डिंग कशी उभी राहणार?

दिवाळीच्या जरा आधी ई च्या जिन्यातला स्लॅबचा तुकडा पडला. देवाची कृपा, दुपारची वेळ होती, कुणाला लागलं नाही. पण नगरपालिकेची माणसं आली, धोकादायक म्हणून पाटी लावली, आणि पोलिसांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत खाली करा. माणसं गाद्या, गॅस, देव घेऊन खाली. कुणी बदलापूरला भाड्याने गेलं, कुणी कॅम्पात सासरी, कुणी कुठे गेलं ते मला आजही माहीत नाही. सर दिवसभर सामान उतरवत होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, एक चप्पल तुटलेली, तसेच एका पायाने अनवाणी वर-खाली.

बायजाबाईला ते म्हणाले, "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. या तुम्ही."

"ए मंदी?" बायजाबाई हसली. "सर, तुमी चांगलं हाव. पन मना तिथं कोन येऊ देल?"

सरांनी तिचं बोचकं उचलून टेम्पोत ठेवलं. ती भावाकडे गेली, बारवीच्या काठच्या पाड्यावर. तिची खाचरं जिथे बुडाली, तिथेच परत. टेम्पो निघाला तेव्हा सर तुटकी चप्पल हातात घेऊन उभे होते.

त्यानंतर ते फारसं बोलेनासे झाले. डबा न्यायचे, पण "काय उरलंय" विचारायचे नाहीत. मी देईन ते न्यायचे. नंतर मार्चमध्ये मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. फ्लॅट विकला म्हणतात. फोन केला तर "ठीक आहे" एवढंच. म्हणून मला सर आठवायचे म्हटले की त्याच्या आधीचा सव्वीस जानेवारी आठवतो.

त्या वर्षी दोन जेवणं होती. भिंतीपलीकडे ए आणि बी चं, केटरर बोलावून, बुफे. आमच्याकडे सी आणि डी ची पंगत, नेहमीसारखी. झेंडावंदनाला सर आमच्याकडे आले. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की बायजाबाईला फोन केलाय, ती येणार म्हणालीय, ई मधल्या आणखी दोघी-तिघींना घेऊन. ते ऐकून सरांनी दाढी केली होती, आणि पायात चक्क नव्या चपला होत्या. रबरीच, पण नव्या.

पानं मांडली. शेवटच्या पाच-सहा पानांवर सरांनी कुणाला बसू दिलं नाही. "थांबा, येतायत." लोक थांबले. भाताची वाफ गेली. पलीकडून बुफेच्या ताटल्यांचा खणखणाट आणि माइकवरची गाणी. सर बादली घेऊन पंगतीच्या टोकाला उभे, नजर मागच्या गेटाकडे. त्या गेटाशी ई उभी होती, खिडक्या काढून नेलेली. डी मधले एक काका म्हणाले, "सर, पोरांना भुका लागल्यात." सर म्हणाले, "पाचच मिनिटं."

माझा फोन वाजला. बायजाबाई. जरा बाजूला होऊन घेतला. "वयनी, नाय येत मी. गारी व्हती सकालची, पन पाय निघत नाय. त्या घराकडं बघवनार नाय. सरांना सांगू नको का म्हनून. सांग, गारी चुकली."

मी सरांजवळ गेले. "गाडी चुकली म्हणे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राज्यशास्त्राच्या मास्तराला मी काय फसवणार? मान हलवली आणि बादली माझ्या हातात दिली.

"सर, कुठून सुरू करू?" मी विचारलं. खरं तर मला म्हणायचं होतं, तुम्हीच वाढा ना.

"कुठूनही," सर म्हणाले.

आणि ते चालत पंगतीच्या दुसऱ्या टोकाला गेले, पहिल्या पानावर बसले. इतक्या वर्षांत सरांना मी पंगतीत बसलेलं पाहिलं नव्हतं. मी भात वाढला, आमटी वाढली. त्यांनी कुणाकडेही न बघता कालवायला सुरुवात केली.